बातमीची तारीख आणि नियमाची तारीख: वारंवार परदेशी जाणाऱ्यांसाठी वाचनाची एक पद्धत

इराणने ४ फेब्रुवारी २०२४ पासून भारतीय पर्यटकांना व्हिसाशिवाय प्रवेश देण्यास सुरुवात केली, तेव्हा ती बातमी आपल्याकडे सर्वत्र छापून आली. विमानानेच यावे, केवळ पर्यटनासाठी यावे, पंधरा दिवसांहून अधिक राहू नये आणि सहा महिन्यांत एकदाच ही सवलत घ्यावी, अशा चार अटी तिला होत्या आणि मथळ्यात अर्थातच त्यांपैकी एकही नव्हती. पुढे नोकरीचे आमिष दाखवून इराणमध्ये नेलेल्या काही भारतीयांचे खंडणीसाठी अपहरण झाल्याचे उघड झाले आणि २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य पारपत्रधारकांसाठी ही सवलत स्थगित झाली. ही दुसरी बातमी पहिलीइतकी दूरवर पोहोचली नाही. ‘भारतीयांना व्हिसा न लागणारे देश’ अशा याद्या मोबाइलवर फिरतात, त्यांत इराणचे नाव असेल तर ती यादी कोणत्या काळातली आहे हे वाचणाऱ्याने स्वतःच ओळखावे लागते.

कामानिमित्त किंवा हौसेने वर्षातून तीन-चार वेळा देशाबाहेर जाऊ लागलेल्या माणसाला जगाच्या बातम्या वाचाव्या लागतात, पण त्या घरी बसून वाचणाऱ्यापेक्षा वेगळ्या रीतीने. बातमी प्रसिद्ध झाल्याची तारीख आणि बातमीतला नियम अमलात येण्याची तारीख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि तिकीट काढण्याचा संबंध दुसरीशी असतो. पुढील पायऱ्या नव्याने प्रवास वाढलेल्या वाचकासाठी आहेत.

पहिली पायरी: आधी स्वतःची वही

वाचन सुरू करण्यापूर्वी आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे माहीत असावे लागते. त्यासाठी एक साधी वही करावी. तिच्यात पारपत्र कधी संपते, त्यात किती कोरी पाने उरली आहेत, कोणत्या देशाचा व्हिसा कोणत्या तारखेपर्यंत आणि किती वेळा प्रवेश देणारा आहे, आणि प्रत्येक देशात शिरल्याची व बाहेर पडल्याची तारीख, एवढे लिहिलेले असावे. पारपत्राची मुदत संपायला सहा महिन्यांहून कमी काळ उरला असेल, तर अनेक देश प्रवेश देत नाहीत आणि विमान कंपनी आपल्याला इथेच थांबवते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम थोडा निराळा आहे: तिथून परतण्याच्या दिवसानंतर किमान तीन महिने पारपत्र वैध असावे आणि ते गेल्या दहा वर्षांत काढलेले असावे.

नोंदी ठेवण्याचे महत्त्व शेंगेन क्षेत्राच्या बाबतीत विशेष आहे. बल्गेरिया आणि रुमानिया १ जानेवारी २०२५ रोजी पूर्णपणे सामील झाल्यापासून या क्षेत्रात २९ देश आहेत, आणि अल्पकालीन मुक्कामासाठी कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० दिवस ही कमाल मर्यादा आहे. नवख्यांचा गोंधळ ‘कोणत्याही’ या शब्दापाशी होतो. हे सहामाही खाते नव्हे, की जुलैत ते पुन्हा कोरे होईल. मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी मागे वळून त्या दिवसासह १८० दिवस मोजायचे आणि त्यांत आपण किती दिवस आत होतो ते पाहायचे. शिरल्याचा आणि निघाल्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. तुमच्या व्हिसावर त्याहून कमी दिवस लिहिले असतील, तर तो आकडाच खरा.

पूर्वी पारपत्रावरच्या शिक्क्यांवरून हा हिशेब लावता येत असे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र यांवर आधारलेली नवी प्रवेश-निर्गम नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू केली आणि ती सर्व सीमांवर पूर्ण करण्यासाठी १० एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. यंत्राकडे नोंद राहते, शिक्का मात्र उमटत नाही. त्यामुळे वही आता अधिकच गरजेची झाली आहे.

दुसरी पायरी: कोणासाठी, कोणाकडून, केव्हापासून

प्रवासाशी संबंधित कोणतीही बातमी समोर आली, की हे तीन प्रश्न विचारावेत.

कोणासाठी, हा प्रश्न पारपत्राचा आहे. इंग्रजी प्रवासविषयक लेखन बहुतांशी अमेरिकी, ब्रिटिश किंवा युरोपीय वाचक डोळ्यांसमोर ठेवून झालेले असते आणि त्यातले ‘तुम्ही’ म्हणजे आपण नसतो. उदाहरणार्थ, ब्रिटनने व्हिसा न लागणाऱ्या प्रवाशांसाठी आगाऊ ऑनलाइन परवानगी सक्तीची केली, ती अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांच्या नागरिकांना ८ जानेवारी २०२५ पासून आणि युरोपीय नागरिकांना २ एप्रिल २०२५ पासून. भारतीय पारपत्रधारकाला आधीपासूनच पूर्ण व्हिसा लागतो, त्यामुळे त्याच्यासाठी या बातमीत नवे काहीच नाही. पण सांगलीचे आजी-आजोबा आणि न्यू जर्सीत स्थायिक होऊन अमेरिकेची नागरिक झालेली त्यांची मुलगी लंडनमध्ये भेटणार असतील, तर आजी-आजोबांना व्हिसा आणि मुलीला ही परवानगी, अशा दोन वेगळ्या तयाऱ्या एकाच घरात कराव्या लागतात. मुलीकडचे ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारे कार्ड, भारतात येण्यासाठी असते. लंडनच्या विमानतळावर त्याचा काही उपयोग नाही. युरोप आणू पाहत असलेली ‘एटियास’ परवानगीही अशीच व्हिसा न लागणाऱ्यांपुरती आहे, आणि तिच्या नावाने घाबरवणारे मथळे भारतीय पारपत्रधारकाने निश्चिंत मनाने ओलांडावेत.

उलटही घडते. खास आपल्यासाठी असलेली बातमी परदेशी वृत्तपत्रांत सापडत नाही. एप्रिल २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे नियम बदलले. गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा घेऊन ते नियमानुसार वापरलेल्या अर्जदाराला दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा, आणि त्यानंतर पारपत्राची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचा, अशी चढती रचना आली. वारंवार जाणाऱ्यांसाठी इतकी उपयोगी बातमी अलीकडे दुसरी आलेली नाही, असे माझे मत आहे. तरीही अर्ज भरताना एकाच प्रवेशाची खूण करणारे लोक मला अजून भेटतात.

कोणाकडून, हा प्रश्न उगमाचा आहे. त्या देशाचे परराष्ट्र किंवा गृह खाते, भारतातला त्यांचा दूतावास आणि आपले परराष्ट्र मंत्रालय हे मूळ उगम होत. मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ तक्रारीसाठी असले, तरी त्याची ओळख निघण्यापूर्वीच करून घ्यावी. रॉयटर्ससारखी वृत्तसंस्था घटना लवकर आणि बहुधा अचूक सांगते, परंतु नियमाची अट संपूर्ण सांगणे हे तिचे काम नाही. प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती आणि चित्रफितींवरून कुठे जावे हे ठरवावे. कसे जाता येईल हे मात्र त्यांवरून ठरवू नये.

केव्हापासून, हा तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, आणि इथे मराठी वर्तमानपत्रांची भाषा आपल्या मदतीला येते. ‘विचाराधीन’, ‘प्रस्तावित’, ‘मंजूर’, ‘अधिसूचित’ आणि ‘लागू’ हे पाच शब्द म्हणजे नियमाच्या आयुष्यातल्या पाच अवस्था आहेत. बातमीत यांपैकी कोणता शब्द आहे ते पेन्सिलीने अधोरेखित करावे. थायलंडने परदेशी पर्यटकांकडून ३०० बात शुल्क घेण्याची घोषणा २०२२ पासून पुनःपुन्हा केली आणि पुनःपुन्हा ती पुढे ढकलली. युरोपची वर सांगितलेली नोंदणी २०२२, २०२३ आणि २०२४ अशी वर्षे हुकवत २०२५ मध्ये आली. आपल्या घरचे उदाहरण हवे असेल, तर परदेशी सहलीचे पैसे भरतानाच वसूल होणाऱ्या टीसीएस या कराचे घ्यावे. २०२३ च्या अर्थसंकल्पात हा दर २० टक्के करून तो १ जुलैपासून लागू करण्याचे ठरले होते. २८ जूनला, म्हणजे केवळ तीन दिवस आधी, अर्थ मंत्रालयाने तो १ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलला आणि वर्षाला सात लाख रुपयांपर्यंतच्या सहलींसाठी ५ टक्के दर कायम ठेवला. त्यानंतरही या आकड्यांत बदल होत राहिले आहेत, म्हणून सहलीचे पैसे भरण्याच्या आठवड्यातला दर पाहावा. हा कर बुडत नाही, विवरणपत्र भरताना तो वळता होतो. तरी तोपर्यंत पैसे अडकून राहतात.

तारखेचा आणखी एक प्रकार लसीचा आहे. केनिया, इथिओपिया किंवा ब्राझील अशा पीतज्वराच्या देशांतून भारतात परतताना लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हे प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होते आणि एकदा घेतलेली लस आता आयुष्यभर चालते. निघण्याच्या आठवड्यात हे वाचनात आले, तर उशीर झालेला असतो.

तिसरी पायरी: आकाशातील बातम्या

नवखा प्रवासी जिथे जायचे त्या देशाच्या बातम्या वाचतो. मुरलेला प्रवासी वाटेत लागणाऱ्या देशांच्याही वाचतो. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप आणि उत्तर अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला, काही विमाने इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला उतरू लागली आणि मध्य आशियाकडे जाणारी काही उड्डाणे थांबली. अशी बंदी वैमानिकांसाठीच्या ‘नोटॅम’ या सूचनेद्वारे जाहीर होते आणि तिची मुदत महिन्या-महिन्याने वाढवली जाते. बातमीत ‘पहाटे ५.२९ पर्यंत’ अशी चमत्कारिक वेळ दिसते, तिचे कारणही इथेच आहे. नोटॅममधील वेळ जागतिक प्रमाणवेळेत असते. तिथले रात्रीचे २३.५९ म्हणजे आपल्याकडे साडेपाच तास पुढे, दुसऱ्या दिवसाचे पहाटे ५.२९. तारीख बदलते हे ध्यानात आले नाही, तर वाचक एक दिवस चुकतो. असा मार्ग बंद असताना पुढचे विमान पकडण्यासाठी दीड तासाचे अंतर ठेवून तिकीट काढू नये, भले तिकीट विकणारी यंत्रणा ते आनंदाने देत असली तरी.

ज्वालामुखीच्या बातम्या तर भूगोलाच्या पुस्तकातल्या वाटाव्यात इतक्या दूरच्या असतात. २३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन आणि ओमान ओलांडून दुसऱ्या दिवशी भारताच्या वायव्य भागावर पोहोचली, आणि आपल्याकडची काही उड्डाणे रद्द झाली. राख विमानाच्या इंजिनात शिरून वितळते आणि पात्यांवर चिकटते, म्हणून विमान कंपन्या धोका पत्करत नाहीत. २०१० साली आइसलँडच्या एका ज्वालामुखीमुळे युरोपात एक लाखाच्या आसपास उड्डाणे रद्द झाली होती. जगात अशा राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रे आहेत, त्यांपैकी फ्रान्समधील तुलूझचे केंद्र आपला भाग पाहते आणि ऑस्ट्रेलियातील डार्विनचे केंद्र इंडोनेशिया पाहते. बालीला निघालेल्या माणसाने फ्लोरेस बेटावरच्या लेवोटोबी ज्वालामुखीचे नाव लक्षात ठेवावे, कारण २०२४ आणि २०२५ मध्ये त्याच्या राखेने बालीची उड्डाणे अनेकदा अडवली आहेत.

सामानाच्या नियमांचे मूळही बहुधा एखाद्या दुर्घटनेच्या बातमीत सापडते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसानच्या विमानतळावर एक विमान जळाले. त्यानंतर कोरियाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली, आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून एमिरेट्सने विमानात तिचा वापरच बंद केला. १०० वॉट-तास ही सर्वसाधारण मर्यादा आहे. २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची असते, म्हणून ती चालते, फक्त तो आकडा तिच्यावर वाचता येईल असा छापलेला असावा.

विमानतळाचे नावही नीट वाचावे. गोव्यात आता दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचाही सुरू झाल्यामुळे ‘मुंबईहून’ या शब्दाचा अर्थ तिकिटावरच तपासावा लागतो.

चौथी पायरी: त्या गावाचे वर्तमानपत्र

प्रवासवर्णने आणि मासिकांतले सचित्र लेख जरूर वाचावेत. त्यांनी जाण्याची इच्छा पक्की होते. तथापि एखादे शहर आतून कसे चालले आहे हे कळण्यासाठी तिथल्या रहिवाशांसाठी निघणारे वर्तमानपत्र दोन आठवडे वाचण्याइतका दुसरा चांगला उपाय नाही. आशियात हे सोपे आहे. सिंगापूरचे ‘स्ट्रेट्स टाइम्स’ १८४५ पासून, टोकियोचे ‘जपान टाइम्स’ १८९७ पासून आणि ‘बँकॉक पोस्ट’ १९४६ पासून इंग्रजीत निघत आहे. पहिल्या पानापेक्षा शहरपान, वाहतुकीच्या बातम्या आणि वाचकांची पत्रे वाचावीत. लोक कशावर चिडले आहेत हे पत्रांतून समजते, आणि पर्यटकांवर चिडले असतील तर तेही समजते. व्हेनिसने २०२४ च्या एप्रिलमध्ये एका दिवसाच्या पाहुण्यांकडून पाच युरो घेण्यास सुरुवात केली, किंवा फुजी पर्वताच्या सर्व वाटांवर २०२५ मध्ये ४,००० येन शुल्क आले, तेव्हा ते आकाशातून पडले नव्हते. स्थानिक पानांवर त्यांची चर्चा आधी पुष्कळ झाली होती.

युरोपात स्थानिक भाषेचा अडसर येतो, पण ब्राउझरमधील भाषांतराने काम भागते. फक्त शोधताना शब्द त्यांचा वापरावा. संपाला इटालियनमध्ये ‘शॉपेरो’ म्हणतात, आणि इटलीला जाणाऱ्याने बाकी काही शिकले नाही तरी हा शब्द शिकावा. तिथे १९९० च्या कायद्यानुसार अत्यावश्यक सेवांतील संपाची किमान दहा दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि वाहतूक मंत्रालय संपांची यादी प्रसिद्ध करते. शिवाय कामाच्या दिवशी संप असला, तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या सोडाव्याच लागतात. ज्याला हे माहीत आहे तो रोमच्या स्थानकावर दुपारी हताश बसत नाही, सकाळी साडेसातची गाडी पकडून निघून जातो. जपानमध्येही वादळापूर्वी रेल्वे कंपन्या ‘केइकाकु उन्क्यू’, म्हणजे नियोजित बंद, आदल्या दिवशीच जाहीर करतात.

पाचवी पायरी: दुसऱ्याचे पंचांग

एप्रिलच्या अखेरीस जपानचा ‘गोल्डन वीक’, १३ ते १५ एप्रिलला थायलंडचा सोंगक्रान, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकणारा रमजान. हे सगळे तिकीट काढण्यापूर्वी पाहावे. परंतु मराठी वाचकाने बालीच्या ‘न्येपी’कडे जरा कौतुकाने पाहावे. तो त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस, आणि हा शक आपल्या शालिवाहन शकाशीच जुळतो. २०२५ मध्ये न्येपी २९ मार्चला आणि गुढीपाडवा ३० मार्चला आला, दोघांकडे १९४७ वे शक लागले. २०२४ मध्ये मात्र न्येपी ११ मार्चला झाला आणि आपला पाडवा ९ एप्रिलला, कारण अधिक महिन्याचे गणित दोन्हीकडे सारखे चालत नाही. म्हणून कालनिर्णय पाहून बालीचे तिकीट काढू नये. आपण गुढी उभारतो, ते मौन पाळतात: सकाळी ६ पासून दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पर्यंत रस्ते रिकामे, दिवे मंद, मोबाइल इंटरनेट बंद, पाहुणे हॉटेलच्या आवारात आणि विमानतळही पूर्ण २४ तास बंद.

सहावी पायरी: वाचनाचे वेळापत्रक

रोज तासभर वाचण्याची गरज नाही. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी व्हिसा, लस आणि पंचांग पाहावे. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि शेवटची मर्यादा पंधरा दिवसांची असली, तरी उन्हाळी सुटीत तिच्यावर विसंबू नये. दोन आठवडे आधी स्थानिक वर्तमानपत्र सुरू करावे. तीन दिवस आधी आगमनाचे ऑनलाइन अर्ज भरावेत. थायलंडचे डिजिटल आगमनपत्र १ मे २०२५ पासून सक्तीचे आहे आणि ते याच तीन दिवसांत भरायचे असते. आदल्या दिवशी फक्त विमानाची स्थिती, हवामान आणि वाटेतले आकाश पाहावे.

तिकीटही याच काटेकोरपणे वाचावे, हे मी अनुभवाने सांगतो. १५ तारखेच्या ००.३५ च्या विमानासाठी मी १५ च्या रात्री जेवून विमानतळावर पोहोचलो होतो, तेव्हा विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झाला होता. दोष सर्वस्वी माझा होता. तेव्हापासून मध्यरात्रीनंतरच्या प्रत्येक विमानापुढे मी वहीत ‘१४ च्या संध्याकाळी घर सोडणे’ अशा शब्दांत लिहितो.

परतीच्या विमानात बसल्यावर बाहेर पडल्याची तारीख वहीत लिहावी आणि ती वही, भाड्याच्या गाडीचा करारनामा आणि पावत्या किमान वर्षभर जपून ठेवाव्यात. इटलीतल्या जुन्या शहरांच्या बंदी असलेल्या गल्लीत नकळत गाडी घातली असेल, तर परदेशी माणसाला दंडाची नोटीस पाठवायला तिथल्या पालिकेला ३६० दिवसांची मुदत असते, आणि ती नोटीस पुण्याच्या पत्त्यावर येते तेव्हा त्या दिवशी आपण नेमके कोणत्या शहरात होतो हे आठवत नाही.